मित्राकडून जुनी मशीन घेतली आणि फसल्यासारखं वाटतंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या लेथची (जॉब फिरवून कापायच्या मशीनची) गोष्ट आमच्या लाइनीतल्या गाळ्यांमध्ये सगळ्यांना माहीत झाली, आणि तेव्हापासून महिन्याला दोन-तीन फोन येतातच, कोणी मित्राकडून मिलिंग घेतलेली असते, कोणी साडूकडून कॉम्प्रेसर, आणि प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी वकील नाही, टर्नर आहे, लेथ चालवतो. कायद्याचं जे लिहिलंय ते माझ्या वकिलांकडून समजून घेतलेलं, तुमच्या केसमध्ये तुमच्या वकिलांना विचारा.

तुमचं नक्की काय झालं होतं?

भांडुपला माझा छोटा गाळा आहे, जॉबवर्क करतो, बुश, पिना, पंपाचे शाफ्ट असलं काम. एक साडेचार फुटी लेथ होती, दुसरी हवी होती. शाळेपासूनचा एक मित्र, त्याचा वसई पूर्वेला गाळा होता, तो बंद करत होता. सहा फुटी लेथ, १,८५,००० रुपये. मी गेलो, मशीनला नवा हिरवा रंग, चालू करून दाखवली, आवाज मस्त. तो म्हणाला, "बेड दोन वर्षांपूर्वी ग्राइंड करून घेतलाय, डोळे झाकून घे." (बेड म्हणजे लेथचा खालचा लांब पाट, ज्यावर बाकीचे भाग सरकतात; झिजला की घासून पुन्हा सरळ करतात, तेच ग्राइंडिंग.) आणि मी खरंच डोळे झाकून घेतली. १,२५,००० बँकेतून पाठवले, ६०,००० दोन वेळा करून रोख दिले, कागद एकही नाही, वर त्याच्याच घरी बसून भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन घोडबंदरवरून टेम्पोत मशीन घेऊन आलो.

पहिल्याच लॉटला १५० एमएम लांबीत ०.०८ एमएम टेपर, म्हणजे जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. बेअरिंग बसायची जागा होती ती, तिथे शंभरावा भाग चुकला तरी पार्टी ओरडते, इथे आठ. पूर्ण लॉट परत आला.

मित्राने फसवलं की मीच फसलो, हे कसं ठरवायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि लोक हाच सोडून बाकी सगळे विचारतात. तीन गोष्टी वेगळ्या करा. एक, तो जे तोंडाने बोलला आणि ते खोटं निघालं. दोन, त्याला माहीत होतं पण तो बोलला नाही. तीन, त्यालाच माहीत नव्हतं. तिन्हीत तुमचं नुकसान तेवढंच होतं, पण पुढचा रस्ता पूर्ण वेगळा.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. मला पहिले आठ दिवस वाटलं हा सरळ खोटं बोलला. नंतर कळलं की बेड ग्राइंड करायला त्याने मशीन खरंच दिली होती एका मिस्त्रीकडे, पैसेही दिले होते, त्या मिस्त्रीने वरवर पॉलिश पेपर मारून, स्लाइडच्या गिब (ढिलेपणा काढायच्या पट्ट्या) टाइट करून, रंग लावून परत दिली. म्हणजे ग्राइंडिंगचं तो खरं समजून बोलला. पण त्याच मशीनवर त्यालाही टेपर येत होता, फाइन काम त्याने वर्षभर त्यावर लावलंच नव्हतं, बाहेरून करून घ्यायचा, हे त्याच्याच जुन्या ऑपरेटरने मला सांगितलं. हे मात्र त्याला माहीत होतं आणि तो गप्प बसला. एकाच सौद्यात दोन्ही. कागदावर हे लिहून काढा, उजवीकडे डावीकडे, मग फोन उचला. रागात सगळं पहिल्याच खात्यात जातं.

टेपर येतोय म्हणजे बेड गेलाच ना?

नाही! थांबा. मित्राला शिव्या घालायच्या आधी मशीन लेव्हल करा.

लेथ एका गाळ्यातून उचलून दुसऱ्या गाळ्यात ठेवली, खाली लादी वरखाली, चार बोल्टखाली अंदाजाने पत्र्याचं पॅकिंग, की बेडला पीळ बसतो. डोळ्याला काही दिसत नाही, पण बेडला पीळ म्हणजे टेपर आलाच, नवी कोरी मशीन असली तरी. त्यासाठी गवंड्याची लेव्हल चालत नाही, ०.०२ एमएम पर मीटरवाली प्रिसिजन लेव्हल लागते, ती तुमच्याकडे नसेल तर मेंटेनन्सच्या मिस्त्रीकडे असते. बेडवर आडवी ठेवायची, आधी चकजवळ (जॉब पकडणारा जबडा), मग टेलस्टॉककडे (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग), दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी आला पाहिजे. नाही आला तर पॅकिंग बदलत जायचं. अर्धा दिवस जातो, डोकं फिरतं, पण करा. माझ्या माहितीतला एक जण याच कारणावरून भावासारख्या मित्राशी सहा महिने बोलत नव्हता, आणि मशीन ठणठणीत होती, फक्त एका पायाखाली पॅकिंग कमी.

लेव्हल झाली की टेलस्टॉक न लावता चकमध्ये एक जाडसर बार धरा, साधारण १५० एमएम बाहेर ठेवून, मधला भाग खाली उतरवून दोन टोकांना दोन कॉलर ठेवा, एकाच सेटिंगवर दोन्हीवर हलका कट मारा आणि मायक्रोमीटरने मापा. फरक आला तर हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) हललाय किंवा बेडचा विषय आहे. टेलस्टॉक लावून टेपर येत असेल आणि न लावता येत नसेल, तर टेलस्टॉक सेंटरला नाही, तो बाजूच्या स्क्रूने सरकवून लाइनीत येतो, हा दोष नाहीच म्हणायचा.

माझ्या मशीनमध्ये लेव्हल केल्यावर ०.०८ चा ०.०५ झाला. म्हणजे तीन पॉइंट माझे होते, पाच त्याचे.

बेड झिजलाय हे पक्कं कसं कळतं?

चकजवळचा एक-दीड फूट बेड नेहमी जास्त झिजतो, कारण लेथवर निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं, टेलस्टॉककडचं टोक मात्र जवळजवळ कोरं राहतं. त्यामुळे तुलना त्याच मशीनवर करता येते, वेगळं काही लागत नाही. चकजवळ सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) आणा, गिब एवढ्या टाइट करा की हँडल जरा जड फिरेल, आणि आता सॅडल मागे टेलस्टॉककडे न्या. मध्येच जाम झाली की समजा चकजवळ झीज आहे. बेडच्या कडेवरून नख फिरवा, जिथे सॅडल घासते आणि जिथे घासत नाही त्यामध्ये पायरी लागते. मागच्या टोकाला ग्राइंडिंगच्या बारीक रेघा दिसतात आणि चकजवळ आरशासारखं गुळगुळीत असेल तर ते चांगलं लक्षण नाही हो, लोकांना उलट वाटतं, "बघ काय चकाकतोय".

मग मिस्त्रीला बोलावून डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावून रीडिंग लिहून घ्या. तारीख टाकून, त्याची सही घेऊन, फोटो काढून. हा कागद पुढे प्रत्येक ठिकाणी लागतो.

मित्राला कधी सांगायचं? आणि काय?

लवकर. मी तीन आठवडे लावले, ही माझी चूक. दोन कारणं. एक तर मनात साचतं आणि मग बोलताना भलतंच निघतं, मशीनवरून सुरू होऊन "तुझ्या लग्नात मी" पर्यंत जातं. दुसरं कायद्याचं: १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात असं आहे की माल ठेवून घेतला, वाजवी वेळ गेला आणि नको आहे हे कळवलं नाही, तर तुम्ही तो स्वीकारला असं धरतात. एकदा स्वीकारला की मग परत करायचा हक्क सहसा राहत नाही, फक्त भरपाई मागता येते.

फोनवर बोला, पण नंतर व्हॉट्सअपवर दोन ओळी टाका, साध्या. "आज बोललो तसं, बेडची झीज निघालीये, रीडिंग सोबत पाठवतोय, तू ग्राइंड केलेला म्हणाला होतास, काय करूया सांग." एवढंच. शिवी नाही, धमकी नाही, ग्रुपवर नाही. ग्रुपवर तर अजिबात नाही, शाळेच्या ग्रुपवर टाकलं की बाकीचे चाळीस जण न्यायाधीश होतात आणि त्यातल्या कोणालाच लेथ म्हणजे काय ते माहीत नसतं.

तो म्हणतोय "जुनी मशीन आहे, जशी आहे तशी दिली, तू बघून घेतलीस". बरोबर आहे का त्याचं?

अर्धं बरोबर आहे, आणि ते गिळायला जड जातं. आपल्याकडे कायद्याचा मूळ नियम हाच की घेणाऱ्याने बघून घ्यावं. माल चांगल्या दर्जाचा असेल हे न बोलताही गृहीत धरतात, पण ते तसल्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून घेतलं तर. तुमचा मित्र काही मशिनींचा डीलर नाही, त्याने त्याची एक मशीन विकली, त्यामुळे "मशीन खराब निघाली" एवढ्यावर काही होत नाही.

पण तो जे स्वतःहून ठामपणे बोलला, "बेड ग्राइंड केलाय", "मोटर ओरिजिनल आहे", "अमुक कंपनीची आहे", ते शब्द सौद्याचा भाग होतात. म्हणून मघाशी म्हटलं तोंडाने काय बोलला ते वेगळं लिहा. १८७२ च्या करार कायद्यातही असाच फरक आहे. कलम १७ म्हणजे फसवणूक, माहीत असून खोटं सांगणं. कलम १८ म्हणजे चुकीची माहिती, त्याला खरं वाटत होतं पण तसं नव्हतं. आणि नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक धरत नाहीत, बोलणं त्याचं कर्तव्यच असेल तेव्हाच धरतात. १७ असो की १८, दोन्हीत सौदा रद्द मागता येतो, पण चुकीच्या माहितीच्या केसमध्ये समोरचा म्हणू शकतो की तुला साधी तपासणी करून कळलं असतं, तू केली का नाहीस. उघड खोटं बोलला असेल तर ही पळवाट त्याला मिळत नाही. मला वकिलांनी हे सांगितलं तेव्हा मी विचारलं की साधी तपासणी म्हणजे काय, तर ते म्हणाले, "तुम्ही टर्नर आहात ना?" विषय संपला.

काही लिहून घेतलेलं नाही, पुरावा काय?

तोंडी सौदाही सौदाच असतो. बँकेची एंट्री, टेम्पोवाल्याची पावती, त्याने पाठवलेले मशीनचे फोटो, व्हॉइस नोट, "रंग वाळला की ये बघायला" असले मेसेज, सगळं जपा. फोन बदलू नका आणि चॅट डिलीट करू नका, कारण मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर त्यासोबत सर्टिफिकेट लागतं, २०२३ च्या साक्ष अधिनियमाचं कलम ६३ (आधी याला ६५ब म्हणायचे), आणि मूळ फोन असला की ते सोपं जातं. त्याचा जुना ऑपरेटर, मिस्त्री, हेही साक्षीदार, पण त्यांना आत्तापासून कोर्टाची भीती घालू नका, गायब होतील.

ग्राहक मंचात जाता येतं का?

मित्रावर? अवघड. २०१९ च्या ग्राहक कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतली असेल तर सूट आहे. म्हणजे एकट्या टर्नरला आशा आहे, तीन ऑपरेटर ठेवणाऱ्याची वाट बिकट. पण समोरचाही विक्रेता पाहिजे, आणि एकदाच मशीन विकणारा मित्र विक्रेता कसा म्हणणार, इथेच केस लंगडी पडते. डीलरकडून घेतली असेल तर मात्र जरूर विचार करा, मुदत २ वर्षं.

पोलीस कंप्लेंट?

बहुतेक वेळा चौकीवर सांगतात की हे सिव्हिल मॅटर आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. फसवणुकीचा गुन्हा (जुनं ४२०, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ३१८) लागायला सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. कंपनीची नेमप्लेट बदलून लावली, चोरीची मशीन निघाली, एकच मशीन दोघांना विकली, अशात जा. बेड झिजलाय म्हणून जाऊ नका.

मग कोर्ट?

जाता येतं, खोटं कळल्यापासून ३ वर्षं मुदत असते. पण हिशोब करा. मुंबईत स्मॉल कॉजेस कोर्टात पैशाचे दावे फक्त १०,००० पर्यंतचे, त्यावरचं सिटी सिव्हिलमध्ये. माझा तर सौदाच वसईत झाला आणि मित्रही तिथलाच, म्हणजे वसई कोर्टाच्या फेऱ्या. धंद्यातला ३ लाख किंवा त्यावरचा वाद असेल तर कमर्शियल कोर्टाचा कायदा येतो आणि त्यात दावा टाकायच्या आधी मध्यस्थीला बसावं लागतं, फार तातडीचं काही नसेल तर. दुरुस्तीच्या ६०-६५ हजारांसाठी गाळा बंद ठेवून तारखांना जायचं, किती दिवसांची मजुरी जाते ते मोजलं आणि मी गप्प झालो.

लोकअदालत मात्र डोक्यात ठेवा. कोर्ट फी नाही, दोघं राजी झाले तर तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच आणि त्यावर अपील नाही. अट एकच, दोघं आले पाहिजेत. नोटीस पाठवायची झाली तर स्पीड पोस्टाने, रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून त्यातच विलीन झालंय, वकिलांच्या टेबलावर अजून जुन्या सवयीने "आरपीएडी" (पोच पावतीवालं रजिस्टर पोस्ट) म्हणतात तो भाग वेगळा.

मशीनवर बँकेचं लोन निघालं तर?

हे झिजलेल्या बेडपेक्षा वाईट. हायपोथिकेशन, म्हणजे मशीन बँकेकडे तारण, असलं तर बँक मशीन उचलू शकते आणि तुम्ही पैसे दिलेत याच्याशी तिला घेणंदेणं नाही. अशा मशीनवर बऱ्याचदा बँकेचं नाव रंगवलेलं असतं, त्यामुळे ताज्या रंगाखाली काय आहे ही शंका नुसती झिजेपुरती ठेवू नका. सरसाईच्या (तारणांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय रजिस्ट्रीच्या) साइटवर थोडी फी भरून शोध घेता येतो, आणि विकणारा कंपनी असेल तर कंपनी खात्याच्या साइटवर चार्ज, म्हणजे बोजा, दिसतो. यात मित्र "मला माहीत नव्हतं" म्हणूच शकत नाही, हप्ते तोच भरत होता. आणि इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, माल विकायचा हक्क आहे आणि त्यावर कोणाचा बोजा नाही हे न बोलताही गृहीत असतं, मित्र असो की डीलर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर.

बिल नाही घेतलं, रोख दिले. काही त्रास?

भरपाईचा दावा करताना रोख दिलेले सिद्ध करणं अवघड, हा पहिला त्रास. दुसरा सीएकडे कळतो. एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख देऊन मशीन घेतली तर तेवढी रक्कम मशीनच्या किमतीत धरत नाहीत, म्हणजे तिच्यावर १५ टक्के घसारा मिळत नाही. माझे ६०,००० गेले त्यात, तीस-तीस करून दिले होते, हुशारी काही कामाला आली नाही. आणि २ लाख किंवा त्यावर एका सौद्याचे रोख घेणारा तर मोठ्या दंडात जातो. मित्र जीएसटीत असेल तर त्याने बिल द्यायलाच पाहिजे, लेथवर १८ टक्के, आणि तुम्हीही जीएसटीत असाल तर त्याचं क्रेडिट तुम्हालाच मिळतं, तरी आपण "बिल नको, दोस्तीत कसलं बिल" म्हणतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरचा माल हलवायला ई-वे बिल लागतं ते वेगळंच, माझा टेम्पो कोणी अडवला नाही हे नशीब.

भरपाई किती मागावी?

पूर्ण पैसे परत मागायची इच्छा होते. ती मागणी तेव्हाच करा जेव्हा तुम्ही खरंच मशीन परत द्यायला तयार आहात, हायड्रा क्रेनचं आणि टेम्पोचं भाडं धरून. नाहीतर दुरुस्तीचा खर्च हा धरायचा आकडा. मी दोन ठिकाणाहून कोटेशन घेतलं, बेड ग्राइंडिंग, सॅडल स्क्रेपिंग, पुन्हा अलाइनमेंट, ६०-६५ हजार. त्यातले माझे लेव्हलचे तीन पॉइंट, माझी न तपासण्याची चूक, असं धरून मी निम्मे मागितले. परत आलेल्या लॉटचे मागितले नाहीत. बायको म्हणाली तू मूर्ख आहेस. असेन.

तो आधी चिडला, चार दिवस फोन उचलला नाही, मग एका रविवारी स्वतः गाळ्यावर आला, डायल लावून दाखवली, बघत राहिला. "त्या मिस्त्रीने मला पण..." एवढंच बोलला. ३२,००० तीन हप्त्यांत दिले. टेपर येतो हे माहीत होतं का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तू बघशील असं वाटलं होतं." या वाक्यावर मी अजून विचार करतो. तो समजत होता मी टर्नर आहे, बघेन. मी समजत होतो तो मित्र आहे, बघायची गरज नाही.

पैसे द्यायचे बाकी असतील तर कापून घेता येतात का?

हो, आणि सगळ्यात सोपा मार्ग हाच. हमी मोडली तर किंमत कमी करून मागता येते, वस्तू विक्री कायद्याचं कलम ५९. पण आधी कळवून कापा, गुपचूप नाही. म्हणूनच पुढच्या वेळी टोकन द्या, उचलताना मोठा भाग द्या, आणि १५-२० टक्के महिनाभर काम करून बघितल्यावर. "माझा पार्टीकडून पेमेंट यायचाय" हे कारण मुंबईत कोणालाही खोटं वाटत नाही.

घेण्याआधी काय बघायला हवं होतं?

वरातीमागून घोडं, पण सांगतो. न कळवता जा किंवा सांगून ठेवा की मशीन थंड पाहिजे, मी येईपर्यंत चालू करू नको. गेल्यावर आधी हेडस्टॉकला हात लावा, गरम असेल तर विचारा का. गिअरबॉक्सचं तेल बघा, जास्त जाड तेल टाकलं की गिअरचा आवाज दबतो, माझ्याकडे तेच होतं आणि मी "आवाज मस्त" म्हणून खूश. स्पिंडलला (चकमागच्या फिरत्या दांड्याला) डायल लावा. चकमध्ये लांब बार धरून वर-खाली जोर देऊन बघा, बेअरिंगचा प्ले हाताला लागतो. क्रॉस स्लाइडचं हँडल उलटं फिरवून किती रिकामं फिरतं ते बघा, पण थोडा प्ले जुन्या मशीनला असतोच, त्यावरून सौदा मोडू नका, नट बदलून जातो. आटे पाडून बघा, हाफ नट (आटे पाडताना स्क्रूला पकडून सॅडल ओढणारा) झिजला असेल तर तिथे कळतं. मोटर थ्री फेज आहे आणि तुमच्या गाळ्याला सिंगल फेज, हे लोक घरी आल्यावर बघतात, शपथ.

आणि नेमप्लेट. जुन्या एचएमटी किंवा म्हैसूर किर्लोस्करच्या लेथना अजून मान आहे आणि बटाला-राजकोटची मशीन स्वस्त पडते, म्हणून प्लेटच्या रिव्हेटकडे बघा, रंगाखाली जुनी भोकं आहेत का. बटालाची मशीन वाईट असते असं मी म्हणत नाही, माझी साडेचार फुटी तिकडचीच आहे आणि आजही सरळ काम देते. फक्त तिची किंमत तिचीच असावी.

सगळ्यात सोपं: स्वतःचा एक जॉब घेऊन जा आणि तिथेच करून मापा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

सीएनसी असेल तर?

वेगळं प्रकरण, मी स्वतः चालवत नाही. एवढं सांगतो की कंट्रोलची बॅटरी संपून पॅरामीटर उडाले की मशीन निव्वळ लोखंड होऊन बसते, म्हणून पॅरामीटरचा बॅकअप आणि अलार्म हिस्टरी आधी मागा, आणि सीएनसीचा सर्व्हिसवाला सोबत न्या.

"मिस्त्री घेऊन येतो" म्हटलं तर मित्राला राग येईल ना?

येईल थोडा. मी आता आधीच सांगून टाकतो, "माझा मिस्त्री येईल, त्याचे पैसे मी देतो, तुझ्यावर विश्वास आहे, माझ्या डोळ्यावर नाही." हसतात लोक आणि हो म्हणतात. जो फारच मनाला लावून घेतो त्याच्याकडे मी दोनदा जातो.

यापेक्षा दारूखान्यातून, जुन्या मशिनींच्या बाजारातून, घेतली असती तर बरं झालं असतं?

तिथे गेलो असतो तर खिशात डायल घेऊन गेलो असतो, दहा मशीन बघितल्या असत्या, चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि बहुतेक बरी मशीन आणली असती. मशिनीमुळे नव्हे हो, तिथे मी जागा असतो.

उलट केस आहे, मीच मित्राला मशीन विकतोय.

जे बिघडलंय ते लिहून द्या. खरंच, एका कागदावर, "टेलस्टॉकचा लॉक सटकतो, चकचे जॉ झिजलेत, तिसरा गिअर आवाज करतो", खाली दोघांच्या सह्या. किंमत पाच हजारांनी कमी येईल, पण नंतर बोलायला काही उरत नाही. आणि जे माहीत नाही ते ठामपणे सांगू नका, "मिस्त्री म्हणाला ग्राइंड केलाय, मी डायल लावून बघितलं नाही" असं बोललात तरी पुरे.

मशीनचं पुढे काय केलंत?

बेड अजून ग्राइंड केलेला नाही, सीझनमध्ये दहा-पंधरा दिवस मशीन बाहेर पाठवणं परवडत नाही. रफिंग, फेसिंग, भोकं पाडणं असली कामं तिच्यावर, फायनल कट छोटीवर. चालतंय.

त्या मित्राशी बोलणं आहे का?

आहे. सहा-सात महिने जरा जपून होतं, मग गणपतीत त्याच्याकडे गेलो. जेवताना वहिनींनी विचारलं, "भावजी, मशीन बरी चालतेय ना?" आम्ही दोघंही ताटाकडे बघत एकदम "हो हो" म्हणालो.

तो आता सोसायट्यांच्या पंपांचं मेंटेनन्स करतो. मागच्या महिन्यात एका पोऱ्याबरोबर शाफ्ट पाठवला टर्न करायला, आणि मागून मेसेज आला: "छोटीवर लाव रे, तिच्यावर नको."